रोशन दुपारी कुठी जात होता

कासमटोला, ता. अहेरी
१८ नोव्हेंबर २०२४

श्रीहरी,

आमच्या टावरच्या बॅटऱ्या पुन्हा चोरीले गेल्या. फोन लावाचा तर आलापल्लीपर्यंत जा लागते, अन् तिथून लावला तरी तू "हो ताई, बरं ताई" याच्यापुढे बोलत नाई. म्हणून पत्र. कागदावर तरी तुले चार ओळी लिहाच लागतील.

ऑगस्टमध्ये तुले हाताले धरून चंद्रपूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेलं, तेव्हा तू आठ दिवस टिकशील असंही मले वाटलं नव्हतं. आठ वर्षं टिप्पर चालवलं, त्यातली पाच गर्दाच्या पावडरीत गेली. पुनम लेकीले घेऊन माहेरी गेली तरी तू सुटला नाई. अन् आता तीन महिने झाले, रोज सकाळी जाऊन जिभेखाली गोळी ठेवतो, कामावर जातो. मी इथी आशा वर्कर म्हणून घरोघरी फिरते, तर गोळ्या वाटता वाटता सगळ्याईले सांगते, माझा भाऊ सुधरला.

त्याचं असं झालं की परवा बुधरीबाई आली. माझ्या घरामागं राह्यते ती. नवरा पोचू वारला तेव्हापासून मोहफुलं, तेंदूपत्ता अन् दोन शेळ्या यावर तिनं दोन लेकरं वाढवली. थोरला रोशन. तिकडेच घुग्घुसच्या बाजूले टिप्परवर क्लीनर होता. पावसाळ्यात घरी आला तो हातावर सुईचे डाग घेऊन. बुधरीची मराठी तोडकी आहे, पण हे वाक्य तिनं घरून पाठ करून आणलं होतं. "आशाताई, तुमच्या भावाले जे औषध देतात ते माझ्या पोराले देतील का?"

मी हो म्हणलं. सोमवारच्या गाडीनं रोशन येते. तुझ्याच खोलीत ठेव. केंद्रात सल्ला देते त्या इंदुताईले भेटव, कागद कर. चोवीस वर्षांचा आहे, लाजरा आहे, भूक लागली तरी सांगणार नाई. मी बुधरीले तुझ्या जिवावर शब्द दिला आहे, एवढं लक्षात ठेव.

तुझी ताई,
रंजीता

*

चंद्रपूर
२ डिसेंबर २०२४

ताई,

रोशन पोचला. पहिले दोन दिवस अंग मोडून पडला होता. नाकातून पाणी, पायाले गोळे, घोंगडी घेतली तरी थंडी. डॉक्टर म्हणाले अंगातली पावडर पूर्ण उतरल्यावरच गोळी सुरू करता येते. मी रात्रंदिवस त्याच्यापाशी बसलो. तिसऱ्या दिवशी गोळी दिली अन् दुपारी पोरानं दोन ताटं भात खाल्ला. बुधरीबाईले सांग.

इथी नऊ वाजता लाईन लागते. सिस्टर जिभेखाली गोळी ठेवते, अन् ती विरेपर्यंत बाकावर गप बसा लागते. मंग तोंड उघडून दाखवा लागते, कोणी गोळी लपवून बाहेर विकू नये म्हणून. रोशन मले म्हणते, "भाऊ, आश्रमशाळेत मास्तरनं पण माझं तोंड इतकं नाई पाह्यलं." इंदुताई हसली. चांगली बाई आहे. चार पानांचा फॉर्म भरून घेतला त्याच्याकडून.

मी लाकडाच्या आरा मशीनवर पाट्या उचलतो, त्यालेही तिथीच लावला. एक वाजता काम सुटते. फक्त दुपार लय लांब असते, ताई. पावडरच्या दिवसात दुपार कधी दिसलीच नाई. माल शोध, घे, पड, उठ, पुन्हा शोध, त्यातच दिवस जायचा. आता एक वाजल्यापासून अंधार पडेपर्यंत दिवस तसाच समोर उभा राह्यते. पण तू काळजी करू नको. आम्ही फिरतो. या रविवारी त्याले घेऊन आपल्या गोंडपिपरीकडे जाऊन आलो. मोकळी हवा लागली त्याले. खुश होता.

तुझा,
श्रीहरी

*

कासमटोला
२० डिसेंबर २०२४

श्रीहरी,

तुझं पत्र बुधरीच्या चुलीपुढे बसून वाचलं. मास्तराचं ऐकून ती इतकी हसली की ललिताले, म्हणजे रोशनच्या बहिणीले, गोंडीत पुन्हा सांगाले लावलं. नवऱ्याच्या मागं तिले अशी हसताना मी पहिल्यांदा पाह्यली.

पण एक गोष्ट मनात खुटखुटते. परवा अहेरीच्या बाजारात गोंडपिपरीचा देवराव भेटला. म्हणे, "तुमचा श्रीहरी दिसला होता कोंबडबाजारात, झुंजीच्या गर्दीत. सोबत एक बारीकसा पोरगा होता." मी त्याले चांगलं झापलं. म्हणलं, माझ्या भावाचं चांगलं होऊन राह्यलं ते बघवत नाई का तुले?

मंग घरी येऊन तुझं पत्र पुन्हा काढलं. अक्षर थरथरलेलं वाटलं. श्रीहरी, खरं सांग. तू पुन्हा पावडर तर घेत नाई ना? कोंबडबाजारात कसली माणसं येतात मले माहीत आहे. तिथी कोणी माल देत असंल. केंद्रात लघवी तपासतात ना, त्याचा कागद मले पाठव. राग मानू नको. मी दुसऱ्याच्या पोराची जबाबदारी घेतली आहे.

ताई

*

चंद्रपूर
५ जानेवारी २०२५

ताई,

कागद सोबत जोडला आहे. माझा अन् रोशनचा, दोघाईचा. डिसेंबरमधल्या दोन्ही तपासण्या साफ आहेत. इंदुताईची सही आहे, पाहून घे.

वाईट वाटलं. पाच वर्षांत मी तुले शंभरदा फसवलं, हे खरं. पण आता खरं वागतो तरी तपासणीच द्या लागते. कोंबडबाजारात गेलो होतो, नाई म्हणत नाई. बघाले गेलो होतो. तिथी पावडर नाई, सुई नाई. आपले बाबा मले खांद्यावर बसवून न्यायचे तेव्हा कोणी म्हणलं का की हे पोरगं बिघडते? रोशनले जरा माणसात न्यावं म्हणून नेलं. तो फक्त पाह्यते. इथी केंद्रात तंबाखूचं विचारतात, दारूचं विचारतात, झोप, भांडण, सुई, सगळं विचारतात. सगळ्याचं खरं उत्तर देतो मी. आणखी काय करू?

रोशन मजेत आहे. संक्रांतीले घरी येतो म्हणते.

श्रीहरी

*

कासमटोला
२४ जानेवारी २०२५

श्रीहरी,

कागद मिळाला. मी चुकली. तुझ्यावर संशय घ्याले नको होता. मनावर घेऊ नको बापा.

रोशन संक्रांतीले आला नाई. बुधरी तीन दिवस रस्त्यावर जाऊन गाडी पाहत बसली. तो आला तो मागच्या बुधवारी, ती अहेरीच्या बाजाराले गेली असताना. ललिता घरी होती. त्यानं दोन्ही शेळ्या सोडून नेल्या. पोरीनं विचारलं तर म्हणे, "केंद्रात फी भरा लागते, नाई तर औषध बंद करतील." चहासुद्धा घेतला नाई. ललिता म्हणते, दादाचे गाल आत गेले अन् एका जागी उभा राहत नव्हता.

श्रीहरी, केंद्रात फी लागते का? मी तर सगळ्याईले फुकट म्हणून सांगतलं आहे. लागत असंल तर मले कळव, मी सरपंचाशी बोलीन. अन् त्याची तब्येत पाह्य. तो रोज गोळीले येते ना? दोन ओळी लिही, पण लगेच लिही.

ताई

*

कासमटोला
२० फेब्रुवारी २०२५

श्रीहरी,

जानेवारीच्या पत्राचं उत्तर तू दिलं नाई. त्याच्या जागी पोलिसाचा निरोप आला.

बुधरीले घेऊन मी चंद्रपूरले आली तेव्हा तू शवागाराबाहेर लिंबाच्या झाडाखाली उभा होता. तू माझ्याकडे पाह्यलं नाई. बुधरीनं तुले पाह्यलं अन् ती तुझ्याकडे आली, आठवते का? तुझा हात हातात घेतला. तिले वाटलं तू तिच्यासारखाच रडून राह्यला. तिनं गोंडीत म्हणलं ते तुले कळलं नसंल. ललिताले विचारून मी सांगते. ती म्हणाली, "तू होता म्हणून माझं पोरगं एकटं नव्हतं."

मंग डॉक्टर बोलले. सोळा दिवस तो गोळीले आलाच नव्हता. औषध सुटलं की शरीराची सवय मोडते, अन् त्यानं आधी घ्यायचा तेवढीच पावडर सुईतून घेतली. ती पेलली नाई. तो कोळशाच्या रस्त्यावरच्या जुन्या वजनकाट्याच्या खोलीत सापडला. हे मी गाडीत बसून बुधरीले समजावलं. तिनं एकच विचारलं. "सोळा दिवस कुठी होता तो?"

याचं उत्तर तुझ्यापाशी आहे.

मले आता तुझी तपासणी नको. कागद नको. खरं लिही.

रंजीता

*

चंद्रपूर
३ मार्च २०२५

ताई,

चार वेळा लिहिलं अन् फाडलं. हे पाचवं. आता फाडणार नाई.

मी पहिल्यांदा सप्टेंबरमध्ये खेळलो. गोळी सुरू होऊन महिना झाला होता. अंग दुखत नव्हतं, झोप येत होती, पण आत काही हलतच नव्हतं. जिवंत माणूस असून दगडासारखं वाटायचं. आरा मशीनवरचा एक जण सट्टापट्टी लावायचा. मी पण एक आकडा लावला. निकाल लागेपर्यंत छातीत जे धडधडलं ना ताई, ते ओळखीचं होतं. माल आणाले माणूस गेला की तो येईपर्यंत असंच व्हायचं. आकडा लागला नाई. मले त्याचं काही वाटलं नाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. मंग मोबाईलवर पत्ते. मंग कोंबडबाजार.

मी स्वतःले म्हणायचो, यात सुई नाई. लघवीत काही निघत नाई. आपण सुटलो.

रोशनले पहिल्याच रविवारी नेलं. मी जे मोकळी हवा म्हणून लिहिलं, ते हेच. तिथी कोंबड्याच्या पायाले धारदार पात्याची काती बांधतात अन् सोडतात. डोळ्याची पापणी लवते तोवर एक खाली पडते. रोशननं लाल कोंबड्यावर पैसे लावले अन् जिंकला. त्यानं मले कमरेत धरून वर उचललं. आठ दिवस जे पोरगं खाली मान घालून बसायचं, त्याचा चेहरा उजळला होता. अन् मी त्याले काय म्हणलं सांगू? म्हणलं, "पाह्य, पावडरीबिगर पण मजा येते."

मले खरंच वाटलं मी त्याचं भलं करून राह्यलो.

त्याले माझ्यापेक्षा लवकर चटक लागली. पोलीस येतात म्हणून बाजाराची जागा बदलत राह्यते. लांब असला की सकाळीच निघा लागते, अन् केंद्र नऊले उघडते. मी गोळी घेऊन मागून जायचो. त्याले तेवढा दम नव्हता. एकदा म्हणाला, "भाऊ, एक दिवस नाई घेतली तर मरतो का?" मी म्हणलं, "एका दिवसानं काही होत नाई." त्याचे दोन दिवस झाले, चार झाले. शेळ्या पण तिथीच गेल्या. फी वगैरे काही नसते. तुझं ते पत्र मिळालं तेव्हा तो खोलीवर होता. मी वाचून दाखवलं. तो भिंतीकडे तोंड करून बसला. दुसऱ्या दिवशी कपड्याची पिशवी घेऊन गेला, तो परत आलाच नाई.

याहून वाईट अजून सांगायचं आहे. त्याच्या नावापुढे रोज गैरहजर लागायला लागलं तेव्हा इंदुताईनं मले विचारलं. "श्रीहरी, रोशन कुठे आहे?" मी म्हणलं, "गावाले गेला, आई आजारी आहे." खरं सांगतलं असतं तर तिनं पुढचं विचारलं असतं, अन् माझं पण निघालं असतं. कोणी हजेरीवर आलं नाई तर इथले लोक शोधाले जातात, ताई. दोन माणसं आहेत त्याच्यासाठी. माझ्या एका वाक्यामुळे ते गेले नाईत.

तुम्ही रोशनले घेऊन गेल्यावर इंदुताईनं मले खोलीत बोलावलं. दार लावलं.

"श्रीहरी, रोशन दुपारी कुठे जायचा?"

"फिराले."

"कुठे फिरायला?"

तिनं घाई केली नाई. मंग मीच बोललो. "कोंबडबाजारात. मीच नेलं त्याले."

तिनं कपाटातून रोशनचा फॉर्म काढला. चारही पानं बोट फिरवून पाह्यली. म्हणाली, "यात जुगाराचा प्रश्नच नाही. सहा वर्षं झाली मला इथे. मी एकालाही विचारलं नाही." मी तिथीच बसून होतो. तिनं विचारलं असतं तर मी खरं बोललो असतो का, हे मले आजही सांगता येत नाई. पण कोणी विचारलं नाई, हे मले बरंच वाटायचं, एवढं मात्र खरं.

बुधरीबाईनं धरलेला हात मी धुतला नाई, असं लिहिणार होतो. ते खोटं आहे. त्याच दुपारी मी सट्टापट्टी लावली.

श्रीहरी

*

कासमटोला
१६ मार्च २०२५

श्रीहरी,

तुझं पत्र वाचून मी चुलीपाशी नेलं होतं. जाळलं नाई. का नाई जाळलं ते खाली लिहिते.

आधी माझा राग लिहू दे. तू पावडरीत होता तेव्हा मी म्हणायची, हा माझा भाऊ नाई, पावडर बोलते. आता काय म्हणू? आता तर तू शुद्धीत होता. शुद्धीत राहून तू त्या बाईच्या पोराले बाजारात नेलं, शुद्धीत राहून खोटं बोलला. अन् तिच्या हातात हात देऊन उभा राह्यला. याले मी कोणतं नाव देऊ?

आता माझं ऐक, पत्र का जाळलं नाई ते. शेळ्यांची गोष्ट ललितानं सांगतली तेव्हा बुधरी मले विचाराले आली होती. "ताई, फी लागते का?" मले माहीत होतं, लागत नाई. मीच तुझे कागद केले होते. पण मी म्हणलं, "लागत असंल बाई आता." काऊन म्हणलं? कारण फी लागत नाई म्हणलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मंग शेळ्या कुठी गेल्या? अन् त्याच्या पुढचा, की तुझा भाऊ काय करून राह्यला? मी गावभर सांगतलं होतं ना, माझा भाऊ सुधरला. ते मोडाले मी तयार नव्हती. देवरावनं डोळ्यानं पाह्यलेलं सांगतलं, तर मी त्यालेच झापलं. तू लिहिलं दुपार लांब असते, मी ते वाचून पुढे गेली. मले फक्त पावडर शोधायची होती. ती नाई निघाली, मी खुश.

आपल्या घरात बाबा कोंबडबाजारातून येऊन मायशी कसे वागायचे ते मी पाह्यलं आहे. तू लहान होता. तरी मी कधी त्याले आजार म्हणलं नाई. आम्ही म्हणायचो, बाबाले नाद आहे. नाद म्हणलं की गोष्ट संपली.

तू बुधरीले सांगतलं पायजे. मी नाई सांगणार. तुझ्या तोंडून तिले कळू दे. डॉक्टरकडून दोन दिवसांची गोळी सोबत घे अन् पंचवीस तारखेच्या मंगळवारी ये. मी गाडीवर उभी राह्यते.

रंजीता

*

चंद्रपूर
२ एप्रिल २०२५

ताई,

तू त्या मंगळवारी गाडीवर उभी होती, हे मले माहीत आहे.

मी निघालो होतो. डॉक्टरनं दोन दिवसांची गोळी दिली, इंदुताई स्टँडपर्यंत आली. अहेरी गाडीत खिडकीपाशी बसलो. बुधरीबाईले काय बोलायचं ते मनात घोकत होतो. गोंडपिपरीले गाडी थांबली. पुढच्या दोन बाकांवरचे तिघं उतरले. काखेत डोकं फडक्यानं झाकलेले कोंबडे. मी म्हणलं, पाणी पिऊन येतो. खाली उतरलो अन् त्यांच्या मागं चालाले लागलो, ताई. कंडक्टरनं दोनदा हाक मारली, ती मले ऐकू आली.

संध्याकाळी खिशात परतीचं तिकीट काढाले पण काही उरलं नाई. एका ट्रकवाल्यानं चंद्रपूरले सोडलं. तो टिप्परवाला असता तर मी पावडर पण मागितली असती. इतकं जवळ होतं ते. तेव्हा मले कळलं की रोशन त्या वजनकाट्याच्या खोलीपर्यंत कसा गेला.

गुरुवारी केंद्रात सगळ्याईची बैठक असते. अकरा जण होतो. मी उभा राह्यलो. रोशनचं सांगतलं, त्याच्या शेळ्यांचं सांगतलं, इंदुताईशी खोटं बोललो ते सांगतलं, अन् मंगळवारचं पण. मंग इंदुताईनं विचारलं, "इथे आणखी कोण खेळतं?" आधी वारलूकाकानं हात वर केला, साठीचा माणूस आहे. मंग एकेक करत सहा हात झाले. अकरापैकी सहा, अन् माझा सातवा.

आता इथी दर महिन्याले हे विचारणार आहेत. दुपारी दोन ते पाच इंदुताई खोली उघडी ठेवते. कोणी खुर्च्या विणते, कोणी नुसतं बसून राह्यते. ज्याले हाव सुटली त्यानं तिथी येऊन तोंडानं सांगायचं, एवढाच नियम. माझा मोबाईल मी तिच्यापाशी दिला. मजुरी वारलूकाका ठेवते, त्याची मी ठेवतो. हे चांगलं चाललं आहे असं मी लिहीत नाई. काल हरिदास नावाचा एक जण उठून गेला, तो आज आला नाई. तो कुठी गेला हे इंदुताईनं मले विचारलं. या वेळी मी खरं सांगतलं. माणसं त्याले शोधाले गेली आहेत.

बुधरीबाईपाशी मी येऊ शकलो नाई. मले एकट्याले तो रस्ता पार होत नाई, ताई. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं हेच आहे.

श्रीहरी

*

कासमटोला
१९ एप्रिल २०२५

श्रीहरी,

त्या मंगळवारी मी शेवटची गाडी जाईपर्यंत उभी होती. बुधरी पण होती. मी तिले म्हणलं होतं, श्रीहरी काहीतरी सांगाले येऊन राह्यला. तू आला नाई, अन् ती माझ्या तोंडाकडे पाहत राह्यली. आता मले थांबता येत नव्हतं. ज्या दिवशी तुझं पत्र आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिच्यासोबत मोह वेचाले गेली अन् झाडाखाली सगळं सांगतलं. ललिता सोबत होती. मले शब्द सापडला नाई तिथी ती गोंडीत सांगायची. तुझं सांगतलं. मंग फीचं, माझं स्वतःचं पण सांगतलं.

बुधरी फुलं वेचत होती. थांबली नाई. मी बोलत होती तेवढा वेळ तिचा हात जमिनीवरून टोपलीत, टोपलीतून जमिनीवर जात होता. झाडाखालचं सगळं वेचून झालं तरी ती तिथीच कोरड्या पाल्यातून हात फिरवत राह्यली. ललिता रडाले लागली तेव्हा तिनं तिले उगी केलं, टोपली डोक्यावर घेतली अन् घरी गेली.

अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाई. मी तिच्या दारावरून जायची, ती आत जायची. ललिताची लोहाची गोळी द्याले गेली तर पोरीनं दारातच घेतली. गोष्ट गावात पसरली, मी कोणाले काही सांगतलं तर आता लोक आधी एकमेकाईकडे पाह्यतात. बरोबरच आहे त्यांचं.

काल संध्याकाळी ती आली. बसली नाई. उभ्यानंच म्हणाली, अन् या वेळी सगळं मराठीत म्हणाली, सावकाश, एकेक शब्द. "आलापल्लीच्या बाजूले कोंबडबाजार भरते. आपल्या टोल्यातले चार पोरं जातात. त्यातला एक सुई पण घेते, मी हात पाह्यले. तुझ्या भावाले बोलव. माझ्याशी नको बोलू म्हणा. त्या पोराईशी बोल म्हणा. माझ्या रोशनचं नाव घेऊन बोल म्हणा, सगळं, शेळ्यांचं पण."

मी म्हणलं, "बुधरीबाई, तो एकटा येऊ शकत नाई. रस्त्यात उतरते."

तिनं माझ्याकडे पाह्यलं. म्हणाली, "मंग तू जा आणाले. माझ्या पोराले आणाले तू आलीच होती ना."

मी आत जाऊन कागद काढला.

तर मी सत्तावीसच्या रविवारी चंद्रपूरले येते. इंदुताईले वेगळं पत्र लिहिलं आहे, दोन दिवसांची गोळी तुझ्या हातात देऊ नका, माझ्या हातात द्या म्हणून. सोमवारी सकाळी नऊले तू तिथली गोळी घेशील अन् दहाच्या गाडीनं आपण निघू. खिडकीपाशी तू बसशील, वाटेच्या बाजूले मी. गोंडपिपरीले तू उतरणार नाई. तहान लागली तर बाटली माझ्यापाशी असंल.

पोरं संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर जमतात. बुधरीचं घर तिथून दिसते. ती दारात बसंल, पण जवळ येणार नाई, असं तिनं सांगतलं आहे. तू तिच्याकडे जाऊ नको, पाया पडाले तर मुळीच नको. अन् कोणाच्या दारी गेलं की आपल्या इकडे आधी पाणी विचारतात, पण ती तुले पाणी विचारणार नाई. तू मागू नको.

रंजीता